चकमधला जॉब आणि वहीतलं गणित

तुझा प्रश्न थोडक्यात असा. डिप्लोमाला ७८ टक्के, तिथून थेट दुसऱ्या वर्षात मेकॅनिकलला प्रवेश. पहिल्याच सेमिस्टरला एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (एसओएम) या दोन विषयांत केटी, म्हणजे नापास. वडिलांचं लेथचं छोटं दुकान आहे, सुट्टीत तिथे काम करतो, जॉब (लेथवर कापायचा तुकडा) हातात आला की सगळं उमगतं. वर्गात फळ्यावर इंटिग्रेशन सुरू झालं की डोक्यावरून जातं. मित्र म्हणतात कॉम्प्युटरला जा. एक क्लासवाला म्हणतो ६० हजार भर, सहा महिन्यांत कॅड डिझायनर करतो. आणि शेवटी हे वाक्य: "मला गणित येत नाही, मग मी मेकॅनिकल करावं का?"

वयाने तू माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी २७ वर्षं गिअरबॉक्स डिझाइनमध्ये आहे. सुरुवात कोल्हापुरात केली, मग भोसरी, आता चाकण. गेली दहाबारा वर्षं नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. त्यामुळे काही गोष्टी मला खात्रीने सांगता येतील आणि काही अजिबात नाही. शाखा बदलता येते का, किती केटी असल्या की वायडी लागतो (वर्ष वाया जातं), हे तुझ्या विद्यापीठाच्या नियमांवर आहे. ते कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचार, कट्ट्यावर नको. घरावर कर्ज किती आहे, दुकानाला तुझ्या हातांची गरज किती, हेही मला ठाऊक नाही आणि या निर्णयात त्याचं वजन मोठं आहे.

पण "गणित येत नाही" हे तुझं निदान मला पटलेलं नाही.

आधी साधं कारण बघ. डिग्रीच्या पहिल्या वर्षाला मुलं एम-वन आणि एम-टू करून येतात. तू ते वर्ष गाळून आलास. डिप्लोमात इंटिग्रेशन झालेलं असतं, पण डिफरन्शियल इक्वेशन जेमतेम तोंडओळखीपुरतं. त्यात थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश उशिरा होतात, तू वर्गात बसलास तोपर्यंत पहिलं युनिट उरकलेलं असणार. म्हणजे तू जिना चढताना दोन पायऱ्या गाळल्यास आणि तिसरीवर ठेचकाळलास. डिप्लोमाहून आलेल्या बहुतेकांची पहिली सेमिस्टर अशीच जाते. पुढे डिझाइनच्या आणि मॅन्युफॅक्चरिंगच्या विषयांत तीच मुलं इतरांना मागे टाकताना मी पाहिली आहेत.

आता जरा दुकानात चल. २० मिलिमीटरचा बार चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलाय, २०० मिलिमीटर बाहेर आहे, मोकळ्या टोकाला सेंटरचा आधार देणारं टेलस्टॉक लावलेलं नाही. टर्निंग केलंस. मायक्रोमीटर लावलास तर चकजवळ माप बरोबर आणि मोकळ्या टोकाला जास्त. वडील काय म्हणतात? "सेंटर लाव, नाहीतर आखूड धर." का म्हणतात ते तुला सांगावं लागत नाही. टूल जॉबला मागे रेटतं, टोकाकडे जॉब सहज वाकतो, टूलपासून लांब सरतो, त्यामुळे तिथे माल कमी निघतो.

हाच तुझा कॅन्टिलिव्हर बीम, एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी तुळई. ज्या पेपरात तू नापास झालास त्यात हाच प्रश्न डब्ल्यू आणि एल अशी अक्षरं घालून विचारलेला असणार. मोकळ्या टोकाचा वाक म्हणजे एफ (टूलचा रेटा, पेपरातला डब्ल्यू) गुणिले एलचा (बाहेरच्या लांबीचा) घन, भागिले तीन ई आय. आकडे घालू. रेटा २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोचा. ई, म्हणजे पोलादाचा ताठपणा, २.१ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आय, म्हणजे छेदाच्या आकारावरून येणारा आकडा: पाय (३.१४) गुणिले व्यासाचा चौथा घात भागिले ६४, तो येतो ७८५४. उत्तर ०.३२ मिलिमीटर. व्यासात फरक त्याच्या दुप्पट. आता बार १०० मिलिमीटरच बाहेर ठेव. लांबी निम्मी झाली, घन असल्यामुळे वाक एकअष्टमांश झाला: ०.०४. वडिलांचं "आखूड धर" म्हणजे तो एलचा घन आहे. त्यांनी तो कधी लिहिला नसेल, पण रोज वापरतात. (प्रत्यक्षात जॉब मागे सरला की कट उथळ होतो, रेटाही कमी होतो, त्यामुळे मोजमापात इतका फरक दिसणार नाही. पण कोणत्या टोकाला जाड राहणार आणि लांबी वाढवली की किती झपाट्याने बिघडणार, हे गणित बिनचूक सांगतं.)

तर तुला बीम कळतो. तुझ्या हाताला माहीत असलेली गोष्ट वहीत कुठल्या पानावर आहे, एवढंच तुला कुणी दाखवलेलं नाही. इंटिग्रेशन त्यात नंतर येतं. आधी येतं ते चित्र, आणि माझ्या मते एसओएममध्ये नव्वद टक्के मुलांची गाडी चित्रातच अडकते. फ्री बॉडी डायग्रॅम ही पाच मार्कांची आकृती समजून मुलं ती उरकतात. खरं म्हणजे तो एक खेळ आहे: एक भाग मशीनमधून सोडवून हवेत धर आणि विचार, याला कोण कोण हात लावतंय? लेथवरच्या त्या बारला दोघेच हात लावतात, चक आणि टूल. टूल रेटतं. चक धरून ठेवतं, आणि नुसतं धरत नाही, कलंडण्याला विरोधही करतं. नाहीतर बार कलंडला असता. ते कलंडू न देणं म्हणजे बेंडिंग मोमेंट. ती चकच्या तोंडाशी सगळ्यात जास्त का, हे आता तुला पाठ करावं लागणार नाही.

रोज एक भाग असा सोडव. सायकलचं पेडल, हँडपंपाचा दांडा, मोटरसायकलचं साइड स्टँड, काहीही. वहीच्या डाव्या पानावर चित्र आणि बाण, उजव्या पानावर गणित. चित्र पूर्ण झाल्याशिवाय उजव्या पानाला पेन लावायचं नाही. आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही, अगदी मधल्या पायरीतही. मी तपासलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका न्यूटन-मीटर आणि न्यूटन-मिलिमीटरच्या गल्लतीच्या असतात, आणि त्या अनुभवी माणसांच्याही असतात.

ही झाली एक बाजू: हाताला कळतं, कागदावर उतरत नाही. दुसरी बाजू मला मुलाखतीत दिसते. तिथे समोर येतात त्यांच्या गुणपत्रिका तुझ्यापेक्षा चांगल्या असतात.

मी एकच प्रश्न विचारते. दहा एचपीची, म्हणजे ७.५ किलोवॅटची मोटर, चार पोल, मिनिटाला १४४० फेरे. शाफ्टवर, म्हणजे तिच्या फिरत्या दांड्यावर, टॉर्क (पिळाचा जोर) किती? बहुतेकांना येतं: ४९.७ न्यूटन-मीटर. मग मी सांगते, या मोटरचा शाफ्ट ३८ मिलिमीटरचा असतो, त्यात पिळामुळे येणारा ताण, म्हणजे शिअर स्ट्रेस, काढ. १६ टी (टॉर्क) भागिले पाय डीचा (व्यासाचा) घन. येतो ४.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. शाफ्टचं पोलाद यापेक्षा कितीतरी जास्त सहज सोसतं. ४० धरला तरी साडेअठरा मिलिमीटरचा शाफ्ट पुरला असता. मग मोटर बनवणारा दुप्पट जाडीचा का घालतो? त्याला पोलाद फुकट मिळतं का?

इथे खोलीत शांतता पसरते. कुणी "फॅक्टर ऑफ सेफ्टी" (सुरक्षेसाठी ठेवलेली जादा ताकद) म्हणतं. ते उत्तर नाही. न कळलेल्या गोष्टीला दिलेलं नाव आहे.

आपण मघाचाच खेळ खेळू. शाफ्टला सोडवून हवेत धर. कोण हात लावतंय? बेल्ट. १५० मिलिमीटरची पुली असेल तर तेवढा टॉर्क द्यायला बेल्टच्या घट्ट आणि सैल बाजूंत सुमारे ६६० न्यूटनचा फरक लागतो. पण शाफ्टला दोन्ही बाजू एकाच दिशेला ओढतात, त्यांची बेरीज साधारण १२०० धरू. पुलीचा मध्य बेअरिंगपासून ७० मिलिमीटरवर आहे असं मानलं तर मोमेंट ८४ न्यूटन-मीटर, आणि बेंडिंग स्ट्रेस येतो साडेपंधरा. पिळापेक्षा वाकवण्याचा ताण तिप्पट निघाला. प्रश्न टॉर्कचा होता म्हणून सगळ्यांनी टॉर्कच पाहिला.

पुढे जा. बेल्ट एकाच दिशेला ओढतो, पण शाफ्ट फिरतो. म्हणजे शाफ्टवरचा एक ठिपका एका फेरीत एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला १४४० वेळा, तासाला ८६,४०० वेळा. दहा लाखांचा आकडा बारा तासांच्या आतच ओलांडतो. एखादी तार हाताने वाकवून-वाकवून तोडतोस ना, तेच इथे चाललंय, फक्त हळूहळू. म्हणून इथे फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने धातूचं थकणं, बघायचा. त्यात शाफ्टमध्ये "की" (पुलीला शाफ्टसोबत फिरवणारी पट्टी) बसवायला खाच कापलेली, तिच्या कोपऱ्यांत ताण गोळा होतो. त्यात मोटर थेट लाइनवर सुरू केली की सुरुवातीचा टॉर्क नेहमीच्या दुप्पट किंवा जास्तही असतो. आणि आतमध्ये रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांच्यातली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी. शाफ्ट लवचिक असून चालणार नाही, नाहीतर रोटर घासेल. मोजत गेलास की ३८ जाड वाटेनासा होतो.

याच एका शाफ्टवर तुझे पुढचे विषय लटकलेले आहेत. ड्रॉइंगवर ३८ के६ लिहिलेलं असतं, म्हणजे शाफ्ट ३८ पेक्षा २ ते १८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) मोठा. पुलीचं भोक ३८ एच७, म्हणजे शून्य ते २५ मायक्रॉन मोठं. नशिबाने २३ मायक्रॉन ढिली बसेल, किंवा १८ मायक्रॉन घट्ट, किंवा मधे कुठेतरी. तुझ्या दुकानात पुली कधी हाताने सरकते, कधी हलक्या हातोडीने ठोकावी लागते, ते या दोन अक्षरांमुळे. मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापशास्त्र, हा विषय एवढ्याचसाठी आहे. बेअरिंग, हीट ट्रीटमेंट, व्हायब्रेशन, सगळं या शाफ्टवरच पुढे येईल.

आता माझी फजिती सांगते, कारण ती तुझ्या प्रश्नाच्या अगदी उलट्या बाजूची आहे. पहिल्याच नोकरीत, एका लहान कारखान्यात, साखर कारखान्याच्या कन्व्हेअरच्या गिअरबॉक्सचं काम माझ्याकडे आलं. शाफ्टवर ४० मिलिमीटर बोअरचं (आतल्या भोकाचं) ६३०८ बेअरिंग होतं. (बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की बोअर मिळतो, ०४ आणि पुढच्यांसाठी. हे तुझ्या वडिलांना माहीत असणार.) शाफ्टचा व्यास जिथे बदलतो त्या खांद्याला मी २.५ मिलिमीटरची गोलाई दिली होती. बेअरिंगच्या कोपऱ्याची गोलाई १.५, त्यामुळे ते खांद्याला टेकेना. जुळणी करणाऱ्यांनी तक्रार केली. मी ड्रॉइंगवर गोलाई खोडली आणि कोपरा टोकदार केला. बेअरिंग बसलं, सगळे खूश.

ऐन गळीत हंगामात, तीनेक आठवड्यांत, शाफ्ट त्याच खांद्याशी तुटून परत आला. आमच्याकडे एक वयस्कर टर्नर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, शाळा सातवीपर्यंत. त्यांनी तुटलेला तुकडा उन्हात धरला आणि मला म्हणाले, "बाई, इथं बघा." एका कडेपासून निघालेल्या बारीक गुळगुळीत रेषा, ओहोटीला वाळूवर उरतात तशा, आणि दुसऱ्या कडेला थोडा खरखरीत भाग. भेग कोपऱ्यातून निघाली, रोज थोडी पुढे सरकली, आणि उरलेला तुकडा शेवटी एका झटक्यात गेला. मामांनी ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी वाचलेलं होतं. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनच्या प्रश्नाला मला पेपरात पूर्ण मार्क होते, आकृतीसकट. पुढच्या शाफ्टला आम्ही मोठी गोलाई परत दिली आणि बेअरिंगच्या आधी आतून चॅम्फर दिलेली (कड तिरकी कापलेली) स्पेसर रिंग घातली. तो टिकला.

मामांना कळत होतं आणि लिहिता येत नव्हतं. मला लिहिता येत होतं आणि कळत नव्हतं. तू मामांच्या बाजूला उभा आहेस. तिकडून इकडे येणं सोपं आहे, हे मी दोन्ही प्रकारची माणसं हाताखाली तयार करून सांगते.

एम-थ्रीचं थोडं वेगळं आहे. तिथे हात फारसा मदतीला येत नाही, सराव करावाच लागतो. पण सुरुवात कुठून करावी हे सांगू शकते: स्थिर सहगुणकांची लिनियर डिफरन्शियल इक्वेशन. कारण ती म्हणजे स्प्रिंगवर टांगलेलं वजन आणि शेजारी ऑइलचा डॅम्पर. त्यावरून मांडायच्या साध्या बीजगणिती समीकरणाची (ऑक्झिलरी इक्वेशनची) मुळं वास्तव आली तर वस्तू न झुलता जागेवर परत येते, दाराच्या चांगल्या डोअर क्लोजरसारखी. मुळं काल्पनिक भागासह आली तर झुलते, शॉकअब्सॉर्बरमधलं ऑइल गळून गेलेल्या मोटरसायकलसारखी, खड्डा संपला तरी तीनचार हेलकावे. बाहेरून कुणी तालात हलवत असेल तर समीकरणाच्या उजवीकडे सायन येतो. एसटी थांब्यावर उभी असताना खिडक्या खडखडतात आणि वेग घेतला की गप्प होतात, हे पाहिलं असशील. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर असेल तर एका फेरीत तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला ३० धक्के. खिडकीच्या पत्र्याची स्वतःची लय त्याच्या जवळ असली की ती नाचायला लागते. हे युनिट पक्कं झालं की लाप्लास घे, तो त्याच समीकरणांचा दुसरा रस्ता आहे. बाकीची युनिटं त्यानंतर. यासाठी एम-वन, एम-टूमधलं काय लागेल तेवढंच मागे जाऊन कर. पूर्ण पहिलं वर्ष नव्याने करायला बसलास तर सेमिस्टर निघून जाईल. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजी भरभर वाटलं तर वेग कमी करून ऐक.

एसओएमची केटी काढायला शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या, बेंडिंग, टॉर्शन (पीळ) आणि मोहर्स सर्कल (वेगवेगळ्या दिशांचे ताण दाखवणारं वर्तुळ) एवढं पक्कं कर. मोहर्स सर्कल सूत्रांनी करू नकोस, कंपास घेऊन प्रमाणात काढ. डिप्लोमावाल्यांचा ड्रॉइंगचा हात चांगला असतो, तो वापर. आणि एकदा खडू घेऊन दोन्ही टोकांना पिळ. तो आडवा तुटत नाही, ४५ अंशांत तिरका तुटतो. का, याचं उत्तर त्या सर्कलमध्ये आहे. उत्तर सापडलं की तो धडा विसरणार नाहीस.

आता पैशांचं. ६० हजारांचा क्लास या वर्षी तरी लावू नकोस. कॅड सॉफ्टवेअर शिकणं अवघड नाही आणि कोणती कंपनी कोणतं वापरेल हे आज सांगता येत नाही. फ्यूजन आणि ॲन्सिस या दोन्हींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्त्या फुकट मिळतात. आमच्याकडे सुरेख रंगीत मॉडेल घेऊन येणारे खूप असतात. हा भाग मशीनवर कसा धरायचा असं विचारलं की त्यांतले बरेच गडबडतात. तिथे तू गडबडणार नाहीस, आणि ते कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही.

कॉम्प्युटरबद्दल खोटा दिलासा देत नाही. माझ्या पाहण्यात सॉफ्टवेअरमधल्या मुलांचे सुरुवातीचे पगार मेकॅनिकलपेक्षा चांगले असतात. मेकॅनिकलला पहिली दोनतीन वर्षं ट्रेनी म्हणून, कधी कंत्राटावर, शॉपफ्लोअरवर उभं राहून काढावी लागतात. घरी हप्ते थकलेले असतील तर हे कारण पुरेसं आहे, आणि मग कोडिंगकडे वळण्यात कमीपणा नाही. पण तुला कोडिंग आवडतं म्हणून नव्हे तर एम-थ्री टाळायला जात असशील तर थांब. गणित तिकडेही आहे, आणि तिकडे वडिलांचा लेथ नाही. "इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकल संपलं" असंही कुणी सांगेल. इंजिन जाईल. रिडक्शन गिअर, बेअरिंग, बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था, तिची पेटी, ब्रेक, सस्पेन्शन राहील. मी स्वतः सध्या इलेक्ट्रिक गाडीच्याच गिअरबॉक्सवर काम करते.

म्हणून माझं मत: पुढची एक सेमिस्टर या पद्धतीने करून बघ. चित्र काढता येऊ लागलं आणि तरीही विषय नकोसा वाटला, तर तेव्हा घेतलेला निर्णय घाबरून घेतलेला नसेल.

सुरुवात या रविवारी दुकानातूनच कर. लेथची मोटर बंद करून, मेन स्विच काढून, तिची नेमप्लेट पूस आणि वाच. तीन एचपीची, फ्रेम १०० एल असेल तर पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची पट्टीने मोज, १०० मिलिमीटर भरेल. फ्रेमचा नंबर म्हणजे तीच उंची. शाफ्टला व्हर्निअर लाव, २८ भरायला हवा. तीन एचपी म्हणजे २.२ किलोवॅट, फेरे प्लेटवरचे घे, १४३०च्या जवळपास असतील. टॉर्क काढ, त्यावरून शिअर स्ट्रेस काढ. उत्तर साडेतीनच्या आतबाहेर यायला हवं. ०.००३४ आलं, तर न्यूटन-मीटरचं न्यूटन-मिलिमीटर करायला विसरलास.